नानांचा बेकायदा उतार

तीर्थरूप दादांच्या चरणी धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. आपली व वहिनींची प्रकृती उत्तम असेल, नसल्यास हे पत्र पोहोचेपर्यंत होईल, अशी आशा बाळगतो. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (ही शेवटची ओळ नानांच्या शिस्तीपायी. पत्र खुशालीनेच सुरू झालं पाहिजे, मग खाली घराला आग लागल्याचं कळवायचं असलं तरी हरकत नाही. ‘आपली’ वगैरेही त्याच शिस्तीतलं. तेवढं लिहून झालं; आता मी तुला सरळ ‘तू’ म्हणतो, नाहीतर मला मोकळेपणाने रडता यायचं नाही.)

दादा, तू दर खेपेला फोनवर एकच विचारतोस, की घर विकायच्या व्यवहाराचं कुठवर आलं. मी ‘होतंय, होतंय’ म्हणून फोन हिच्या हातात देतो आणि ही ‘दूध उतू चाललंय’ म्हणून ठेवून देते. इतकं दूध आमच्याकडे येत नाही, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलंच असेल. पण काय करणार? फोन आहे नानांच्या खुर्चीशेजारी. नानांचे गुडघे गेले, नजर अधू झाली, पण कान असे शाबूत आहेत की मी दुकानात काच कापताना चुकलो तर आतल्या खोलीतून ‘गेली ना?’ असं विचारतात. तेव्हा सगळी हकिगत लेखी कळवतो. बसून वाच. वहिनींना वाचून दाखवू नकोस; त्या हसतील, आणि मला या प्रकरणात हसलेलं सध्या सोसत नाही.

मूळ सगळं तू पाठवलेल्या चाकाच्या खुर्चीत आहे. रागावू नकोस, खुर्ची झकास आहे. खोक्यावर एक म्हातारा त्या खुर्चीत बसून आभाळाकडे बघत हसतोय, तसं हसू मी माणसाच्या तोंडावर अजून पाहिलेलं नाही. अडचण एवढीच की आपल्या दाराला पायऱ्या आहेत. तू याच घरात लहानाचा मोठा झालास, त्याच पायऱ्यांवरून पडून पुढचा दात पाडून घेतलास, पण खुर्ची मागवताना तुला पायऱ्या आठवल्या नाहीत. (मलाही नाही आठवल्या. मी रोज त्यांच्यावरून चढतो-उतरतो, आणि रोजची गोष्ट कोण लक्षात ठेवतो!) झालं काय, की नाना पलंगावरून उठून खुर्चीत आले आणि खुर्चीतच राहिले. आधी खिडकीतून रस्ता बघायचे, आता दारातून बघायला लागले. कोपऱ्यावर औषधाच्या दुकानासमोर जो बाक आहे, तिथे त्यांची आणि पोस्टमनची रोज संध्याकाळची बैठक असायची. (पोस्टमन म्हणजे निवृत्त झालेला, अजून सगळ्या गल्लीच्या भानगडी त्याला पत्त्यासकट पाठ आहेत.) गुडघे गेल्यापासून ती बंद पडली होती, ती बंदच राहिली. पोस्टमन बिचारा दोन-चारदा घरी येऊन बसला, पण त्याला इथे मोकळं बोलता येईना, कारण त्या दोघांचा मुख्य विषय मी असतो.

शेवटी माझंच मन मला खाऊ लागलं. मी पडलो तसबिरींना चौकटी करणारा माणूस, काटकोन सोडून दुसरा कोन माझ्या हाताला ठाऊक नाही. तरी गवंड्याला हाताशी धरलं आणि पायऱ्यांवर फळ्यांचा उतार घातला. उतार उभा ठेवला तर खुर्ची सुसाट सुटणार, म्हणून तो लांब केला. लांब केला तो गटार ओलांडून पदपथावर जाऊन टेकला. शेवटच्या टप्प्याला अख्खी रुंद फळी हवी होती. एका दातांच्या डॉक्टरने आपला बोर्ड चौकट बदलायला दिला होता आणि स्वतः गाव बदलून गेला, तो बोर्ड माझ्याकडे धूळ खात पडला होता. तोच अक्षरं खाली करून ठोकून दिला. (हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) पहिल्या दिवशी मी खुर्ची सरळ धरून उतरवायला गेलो आणि नाना माझ्या हातून निसटून थेट समोरच्या भाजीच्या गाडीपाशी पोहोचले. भाजीवालीने त्यांना सावरलं. नाना एवढंच म्हणाले, की खुर्ची उतरवताना पाठमोरी घ्यावी असं खोक्यावर छापलेलं आहे. ‘तू फक्त हसणारा म्हातारा बघितलास,’ असंही मला ऐकवलं. मग म्हणाले, आता बाहेर पडलोच आहे तर मला पालिकेच्या ऑफिसात ने, जुन्या लोकांना भेटून येतो. मी नेलं. मला फाटकाशी थांबायला सांगून आपल्या हातांनी चाकं फिरवत आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले, ते तोंडावर असं तेज घेऊन, की मला वाटलं, उतार घातला ते सार्थकी लागलं. परतताना त्यांनी बाकापाशी खुर्ची थांबवायला लावली. पोस्टमन उठून उभा राहिला. त्याने नानांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि मी औषधाच्या दुकानातल्या जाहिराती वाचत राहिलो, कारण डोळ्यांत पाणी आलेलं दाखवायचं नव्हतं.

हा झाला सुखाचा भाग. पुढचा आठवडा उलटतो न उलटतो तोच पालिकेच्या अतिक्रमण विभागाची नोटीस. आपल्या घराविरुद्ध तक्रार! रस्त्यावर विनापरवाना बांधकाम, रोजच्या रोज दंड, आणि काम पाडून टाका. तक्रारदाराचं नाव गुप्त. मला मात्र कळायचं ते कळलं. शेजारच्या इस्त्रीवाल्याचा आणि माझा सांडपाण्यावरून जुना खटका आहे, हे तुला माहीतच आहे. मी त्याच दिवशी त्याच्याकडचे आपले कपडे अर्धे ओले तसेच उचलून आणले आणि त्याला ऐकू जाईल अशा बेताने गल्लीला उद्देशून चार शब्द बोललो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि मी चुरगळलेला हिंडतो. गिऱ्हाइकं विचारतात, घरी सगळं ठीक ना?

आता नानांचं. त्यांनी त्याच अतिक्रमण विभागात मोजणीची फीत घेऊन जन्म घालवला, हे मी तुला काय सांगू? आईने कठड्यावर कपडे वाळत घातले म्हणून त्यांनी तिला दंड केला होता आणि तो स्वतःच्या पगारातून भरून, तिला संध्याकाळी पावती आणून दिली होती. नाना जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणालेले मी ऐकलं नाही. ‘नियमात बसत नाही’ म्हणायचे. आपण सहलीला पैसे मागितले तरी तेच. मामा आपल्याकडे राहायला येतो म्हणाला तरी तेच. तेव्हा मला वाटलं, आता बाण आपल्या भात्यातला आहे. समोर येईल तो कालचा पोर असेल, नाना त्याला नियमांत असा गुंडाळतील की बिचारा फीत विसरून पळेल. आणि खरंच, आला तो अगदी कोवळा निघाला. नवी पिशवी, नवी फीत, नवे बूट. घाबरत घाबरत फीत उतारावर अंथरून मोजायला लागला. (ही त्याला ‘फीतमास्तर’ म्हणते, आता मीही म्हणतो.) मी नानांना खुर्चीसकट दारात आणून उभं केलं आणि हाताची घडी घालून तमाशा बघायला सज्ज झालो.

नानांनी चष्मा लावला आणि म्हणाले, ‘‘अहो, उतार उतरता मोजायचा नसतो. फीत आडवी धरा. आणि भिंतीपासून नका धरू, घराची हद्द गटाराच्या अलीकडे संपते. तुम्ही आमचं अतिक्रमण कमी दाखवताय.’’ दादा, माझ्या हाताची घडी सुटली. फीतमास्तरने फीत आडवी धरली आणि आपला गुन्हा जागच्या जागी वाढला. पोराचा चेहरा असा उजळला, की नोकरी लागल्यापासून त्याला कुणी ‘अहो’ म्हटलंच नसावं. त्याने नानांना ‘सर’ म्हटलं. बस्स! नाना म्हणाले, ‘‘आत या. छज्जा बघितलात का?’’ मग त्यांनी त्याला छज्जा दाखवला. दुकानाचा बोर्ड किती बाहेर आलाय ते दाखवलं. पन्हळीचं पाणी कुठे पडतं ते दाखवलं. मागची मोरी दाखवली. चौकटीच्या पट्ट्या ठेवायला मी घातलेला पोटमाळा खुर्चीत बसून दिसत नाही, म्हणून मला शिडी धरायला लावून त्याला वर चढवला. मी शिडी धरून उभा होतो, दादा! आपल्याच घराला फास लावणाऱ्याचे पाय माझ्या हातात होते आणि खालून नाना ‘उंची घ्या, उंची राहिली’ असं ओरडत होते. त्याच्याजवळचे कागद संपले तेव्हा पुढचे मी दिले, तसबिरींच्या पाठीला लावायचे. जाताना त्याने वाकून नानांना नमस्कार केला. हिने त्याला चहा दिला. मी काय दिलं ते पुढच्या नोटिशीत आकड्यात आलं आहे.

त्या दिवसापासून फीतमास्तर वरचेवर येतो. नानांजवळ बसून शिकतो म्हणे. गावातल्या कुठल्या घरचा काय घोळ आहे ते नाना त्याला खुर्चीतून तोंडपाठ सांगतात, पण उदाहरण द्यायचं झालं की हाताशी आपलंच घर. मास्तरांनी फळ्यावर गणित घालावं तसं नाना आपल्या भिंतीवर दंड घालतात. मी बोललो तर म्हणतात, दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायचं असेल तर आधी आपलं दाखवावं. आणखी वाद घातला असता तर मलाच पटलं असतं अशी भीती वाटली.

मी हातपाय गाळून बसलो नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. मी डोकं चालवलं. रस्त्यावर पडलेला उतार हे जर अतिक्रमण, तर तो पडूच द्यायचा नाही! उताराच्या बाहेरच्या भागाला बिजागऱ्या बसवल्या. नाना बाहेर जायचे तेवढ्यापुरता खाली, एरवी उचलून दाराला उभा. काम इतकं सुबक झालं, की गवंड्यानेही मान डोलावली. फक्त उभा केल्यावर त्याची खालची बाजू रस्त्याकडे यायची, आणि खालच्या बाजूला, तुला आठवत असेलच, ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘दात न दुखता काढून मिळतील’. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर गाल धरून एक बाई आणि तिचा नवरा पायरीवर बसलेले. मी चौकटीवाला आहे हे त्यांना पटेना, कारण माझ्या हातात त्या वेळी पक्कड होती. त्यांची समजूत घालून झाली तोवर फीतमास्तर हजर. अतिक्रमण नाही हे बघून तो मनापासून खूश झाला आणि निघालाही होता. पण खुर्चीतून आवाज आला, की उचलल्यामुळे अतिक्रमणाचं कलम सुटतं हे बरोबर, मात्र विनापरवाना जाहिरात फलकाचं लागतं, ते तुमच्या नजरेतून सुटू नये. सुटलं नाही. दात माझे पडले.

मग म्हटलं, मरो, पाडूनच टाकतो. पाडायचं तर म्हणे पाडायची परवानगी लागते. पालिकेत गेलो. पहिल्या खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, थकबाकी असलेल्या घराला परवानगी मिळत नाही. थकबाकीच्या खिडकीवरच्या गृहस्थाने सांगितलं, काम पाडल्याशिवाय दंडाचं मीटर थांबत नाही, आणि चालू मीटरची थकबाकी भरून घेता येत नाही. मी त्याला विचारलं, मग माणसाने करायचं काय? तो फार सज्जन गृहस्थ होता, त्याने डबा बाजूला ठेवून विचार केला आणि म्हणाला, ‘‘असं कुणी विचारत नाही हो.’’ या कारभाराला कोपरापासून नमस्कार घालून घरी आलो आणि हातोडी घेतली. परवानगी गेली खड्ड्यात. पहिला घाव घालणार, इतक्यात नानांनी शांतपणे सांगितलं, की अपंग किंवा वृद्ध माणसाची येण्याजाण्याची वाट दुसरी सोय करून दिल्याखेरीज तोडता येत नाही, तोडणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो. फीतमास्तरला विचारलं. तो म्हणाला, हो, सरांनी मला परवाच शिकवलं. म्हणजे बघ दादा, उतार ठेवला तर दंड, पाडला तर गुन्हा, उचलला तर दंतवैद्य.

आणि मग ती मोठी नोटीस आली. दंड भरला नाही सबब घरावर बोजा चढवण्यात येत आहे. बोजा म्हणजे काय ते मला पोस्टमनने समजावून सांगितलं: घराच्या कागदावर पालिका आपलं देणं लिहून ठेवते, आणि ते फिटून बोजा उतरेपर्यंत त्या कागदावर दुसऱ्या कुणाचं नाव चढत नाही. घर आपलंच राहतं, फक्त विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, कुणाच्या पदरात टाकता येत नाही. (मी म्हटलं, हे तर बायकोसारखंच झालं. ही मागे उभी होती. असो.) शिपायाने नोटीस दारावर चिकटवली ती तिरकी. आता मी चौकटीवाला, माझ्या दारावर तिरका कागद! ती नीट लावू गेलो तर नोटिशीला हात लावल्याबद्दल वेगळा दंड आहे असं तिच्यातच छापलेलं. ती फाटू नये, भिजू नये, ही जबाबदारी घरमालकाची. म्हणून मी तिला आहे तशीच ठेवून वरून काच बसवली आणि भोवती सागवानी चौकट ठोकली. खोटं नाही सांगत, गेल्या वर्षभरात इतका साफ सांधा माझ्या हातून उतरला नव्हता. येणारा-जाणारा थांबून बघायचा. मी पहिल्यांदाच नियम पाळला म्हणून नानाही खूश दिसले. मग त्यांनी फीतमास्तरकडून फीत मागून घेतली आणि चौकट भिंतीच्या किती बाहेर आलीये ते मोजलं.

अशा मुहूर्तावर तू पाठवलेलं गिऱ्हाईक आलं. पांढरे कपडे, हातात किल्ल्यांचा जुडगा, बरोबर वकील. मी स्वतः कुणाकडून तरी इस्त्री करून घेतलेला सदरा घातला होता. त्या माणसाला घर पसंत पडलं, म्हणजे पाडायला पसंत पडलं. इथे त्याला दुकानांची मोठी इमारत उठवायची आहे. सगळं सुरळीत चाललं होतं. पण वकील दाराशी चौकटीकडे बघत उभा राहिला. मी आपला कारागिरीचं कौतुक होईल म्हणून शेजारी जाऊन उभा. त्याने नोटीस वाचली आणि गिऱ्हाइकाच्या कानाला लागला. गिऱ्हाईक हसून म्हणाला, बोजाचं आम्ही भरू, त्यात काय! माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नाना अदबीने म्हणाले, की आपण भराल, पण उतार उभा असेपर्यंत दंड रोज चढणार, मी असेपर्यंत उतार पाडता येणार नाही, आणि माझी प्रकृती, आपल्या कृपेने, सध्या चांगली आहे. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघितलं, मी वकिलाकडे, वकिलाने घड्याळाकडे. ते गेले. उतारावरून गेले, आणि जाता जाता उताराची सोय चांगली आहे असंही म्हणाले. तेव्हा व्यवहाराचं कुठवर आलं याचं उत्तर हे असं आहे.

आता मुद्द्यावर येतो. अजून एक दार उघडं आहे. बोजाविरुद्ध पालिकेत सुनावणी लागली आहे. आईच्या पश्चात घर नानांच्या, तुझ्या आणि माझ्या नावावर आहे, म्हणून तिघांची बाजू ऐकतात. तुला यायची तसदी नको. तू कामाचा माणूस. गेल्या खेपेला येतो म्हणालास तेव्हा घड्याळ आलं, त्याच्या आधी येतो म्हणालास तेव्हा ब्लँकेट आलं, हे मला समजतं. तू फक्त सही करून एक अधिकारपत्र पाठव, तुझ्या वतीने मीच बोलेन. मी साहेबांना गळ घालतो, उताराची काहीतरी वाट लावतो, बोजा उतरवतो, मग तुझं गिऱ्हाईक आहेच. नानांची सोय तू म्हणतोस त्या बाग असलेल्या वृद्धाश्रमात होईल. (त्याचं चित्रांचं पुस्तक मिळालं. सगळे म्हातारे एकाच बाजूला बघून हसताहेत. त्या बाजूला काय आहे ते दाखवलेलं नाही.) आणि माझ्या दुकानासाठी बाजारातला तो गाळा मी बघून ठेवलाच आहे. सगळ्यांचंच भलं होईल. अधिकारपत्र लौकर पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो दंड न लागता वाढावा.

तुझा धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो तर फीतमास्तर आला. त्याची दुसऱ्या विभागात बदली झाली आहे, नानांना पेढ्याऐवजी नवी फीत भेट द्यायला आला होता. नाना आत कपडे बदलत होते. पोरगं मला म्हणालं, की त्या दिवशी सर स्वतः तक्रार द्यायला ऑफिसात आले नसते, तर मला असे गुरू कुठे भेटले असते! मी म्हटलं, कसली तक्रार? तो म्हणाला, उताराची. दादा, उतारावरून नानांची पहिली फेरी उताराचीच तक्रार द्यायला झाली होती, आणि खुर्ची मी ढकलत नेली होती! नानांना जाऊन विचारलं. ते सदऱ्याची गुंडी लावत म्हणाले, ‘‘तक्रार खरी होती की खोटी?’’ मी म्हटलं, खरी. ‘‘मग झालं तर.’’

ता. क. दुसरा. मघाचा ता. क. लिहून दुकानात जाऊन बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. तू फोनवर घर विकायचं म्हणालास तेव्हा नाना ‘बरं’ म्हणाले होते. त्या एका ‘बरं’वर तू गिऱ्हाईक बघितलंस, बाग बघितलीस, मी गाळा बघितला. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. ज्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याने काय करावं? घर नियमात बसणार नाही अशी व्यवस्था केली, झालं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगू, हसूही आलं. आपल्या दोघांना मिळून त्यांनी दंड केलाय, दादा, आणि मोजणीत तसूभर चूक नाही. तेव्हा ते अधिकारपत्र पाठवू नकोस. काहीच पाठवू नकोस. मी इस्त्रीवाल्याकडे जाऊन आलो. त्याने माफी मागू दिली, पण कपडे घेतले नाहीत; उद्या बघतो म्हणाला.

ता. क. तिसरा, वडिलांच्या हातचा. धाकट्याने पाकीट माझ्याकडे पत्ता तपासायला दिले, मी आतला मजकूरही तपासला. पुष्कळ ठिकाणी पाल्हाळ आहे. छज्जाचे माप लिहिलेले नाही. बाकी खरे आहे. सुनावणीस हिस्सेदाराने जातीने हजर राहावे, अधिकारपत्र चालत नाही. हा नियम साहेबांच्या लक्षात नव्हता, मी आणून दिला. घर विकायचे की कसे, ते तू मला तिथे विचार. तिथे विचारले की उत्तर द्यावेच लागते. येताना काही आणू नकोस. खुर्ची चांगली आहे. धाकटा ढकलतो, पण बोलण्याच्या भरात वळण चुकवतो. उतार उतरताना खुर्ची पाठमोरी घ्यावी लागते, म्हणजे बसणाऱ्याचे आणि धरणाऱ्याचे, दोघांचेही तोंड घराकडे राहते. ते तुला एकदा दाखवायचे आहे.